बीडची परात

मी पितळेची परात बोलतेय. बीडच्या बाजारात हन्नाबाई झिराडकरांनी मला घेतलं, तेव्हा दुकानदारानं माझ्या पाठीवर त्यांचं नाव कोरलं आणि खाली 'बीड'.

हन्नाबाई जन्मल्या बीडजवळच्या नेकनूरला. वडील तिथे गुरांचे डॉक्टर. इथे बीडात आमच्या गल्लीत ज्यूंचं घर हे एकच. नवस फेडायचा असला की मला माळ्यावरून काढायचं. माझ्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर कालवायची, कडेनं फळं मांडायची आणि एलियाहू नबीचं नाव घ्यायचं. झाला मलिदा! तो घरोघर वाटल्याशिवाय नवस फिटला असं हन्नाबाईंना वाटतच नाही. पहिला घास शेजारच्या भिवराबाईचा.

यंदा नात सुखरूप बाळंत झाली म्हणून मला घासूनपुसून ठेवलं होतं. तेवढ्यात कुठल्याशा देशाचं इस्राएलशी बिनसलं, राजदूत परत बोलावले गेले. भांडण त्यांचं, पण एक चॅनलवाला माईक घेऊन आमच्या दारात!

"आजी, तुमच्या देशाची बाजू काय?"

"माजा देश? आरं, मी बीडची हाय."

बातमीतून एवढंच नेमकं कापलं. हन्नाबाईंचा आणि माझा फोटो दाखवून खाली लिहिलं, 'बीडमधलं इस्राएली घर'.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह नावाचे पुढारी शाल घेऊन हजर. "तुमच्या देशाच्या पाठीशी आमी हाय," म्हणून फोटो काढून गेले. तोही पेपरात आला. बोलावलं होतं कुणी? मग दाराशी पोलीस बसला.

तरी हन्नाबाई मला घेऊन निघाल्या. भिवराबाईनं दार अर्धंच उघडलं.

"आक्का, राग मानू नका. पोरगा म्हनतो, सध्या त्यांच्या घरचं नको."

"भिवरा, तुज्या बाळंतपनात डिंकाचे लाडू कुनी केलते गं?"

भिवराबाईनं पदर डोळ्यांना लावला. दारही लावलं.

पुढची दारं तर उघडलीच नाहीत. मी भरलेली घरी आले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मावशी, मला द्या की," पहाऱ्यावरचा सुग्रीव म्हणाला. माजलगावचा पोरगा. पोटभर खाल्लं त्यानं. हन्नाबाईंचा चेहरा उजळला. निदान कुणीतरी घेतला.

तोंड पुसत त्यानं विचारलं, "तुमी मूळच्या कुठल्या?"

"नेकनूरची."

"ते झालं ओ. पन खरं कुठल्या?"

हन्नाबाईंनी उरलेल्या मलिद्यावर फडकं टाकलं आणि आत गेल्या.

आता मी माळ्यावर आहे, विजयसिंहांच्या शालीत गुंडाळलेली. पुन्हा कधी दारी आले तर आधी घास घ्या, मग गाव विचारा. माझ्या पाठीवर 'बीड' कोरलेलं आहे, मी दाखवीन. हन्नाबाईंनी काय दाखवावं?