हॅमर्सची उलटी बाजू

पेनसिल्व्हेनियातल्या बेल्फोर्ड गावच्या बंबखान्यात त्या शनिवारी सकाळी दोन गोष्टी मिळत होत्या : पॅनकेक आणि इतिहास. पॅनकेक ताजे होते. इतिहासही ताजाच होता, पण ते अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बंब बाहेर अंगणात काढले होते आणि त्यांच्या जागी लांबच लांब टेबलं मांडली होती. बेसबॉलची जुनी कार्डं, सह्या केलेले चेंडू, तडकलेल्या बॅटी. सगळ्यांत पुढे, काचेच्या पेटीत, तीन राज्यांतून माणसं जिच्यासाठी आली होती ती वस्तू : ऑरिन स्टब्सची सात नंबरची जर्सी, सन १९५१. स्टब्स त्या एका उन्हाळ्यापुरता बेल्फोर्ड हॅमर्स या गावच्या बेसबॉल संघाकडून खेळला, मग मोठ्या संघात गेला, मोठा झाला आणि बेचाळीस वर्षांत पुन्हा इकडे फिरकला नाही. गावाने एका पुलाला आणि एका सँडविचला त्याचं नाव दिलं होतं.

व्हर्ना क्रेब्सला जर्सी बघायला नव्हे, सही करायला बोलावलं होतं. तिची आई ॲग्नेस ही हॅमर्स संघाचं शिवणकाम करायची. ‘या कोऱ्या जर्सीवरची अक्षरं माझ्या आईने शिवली’ एवढं मुलीने लिहून दिलं, की जर्सीची किंमत दुप्पट होणार होती. कागद टाइप करून तयार होता. जर्सी आणि कागद, दोन्ही आणले होते रॉइस टँडी नावाच्या व्यापाऱ्याने. अस्सलपणाचे दाखले तो स्वतःच छापायचा आणि त्यांवर सोनेरी शिक्का मारायचा. शिक्का अस्सल होता.

“अगं, एक सही,” धाकटा भाऊ बर्ल म्हणाला. तो गावच्या अग्निशमन दलाचा कप्तान. अंगात ॲप्रन, हातात उलथनं. “पार्सलवाल्याला देतेस तेवढी. लिलावातला दहावा हिस्सा आपल्या नव्या पंपाला मिळणार आहे. श्मिट्झचं कोठार पेटलं तेव्हा जुना पंप दोनदा खोकला आणि झोपला, विसरलीस?”

“पार्सल घेताना मी आधी पत्ता वाचते,” व्हर्ना म्हणाली. “बघू दे.”

टँडीने पेटी उघडली आणि अदबीने पांढरे हातमोजे पुढे केले. व्हर्नाने ते त्याच्याच खिशात खोचले, जर्सी उचलली आणि सरळ उलटी केली.

“बाई, लोक सहसा दर्शनी बाजू बघतात.”

“लोक बघतात. शिवणारी नाही बघत.”

कापड जुनंच होतं, लोकरी फ्लॅनेल. डांबरगोळ्यांचा वास होता. कसरीने खाल्लेली भोकं जिथे हवीत तिथेच होती, कॉलरवर तंबाखूची पिंक होती. छातीवर ‘हॅमर्स’ची जाडजूड अक्षरं, आणि त्यांच्या पाठीमागे टाक्यांची एकच एक स्वच्छ रांग. व्हर्नाने कापड खिडकीच्या उजेडात धरलं. अक्षरांखाली काहीही नव्हतं.

एक्कावन्नच्या वसंतात ती सोळा वर्षांची होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोक्यातून अठरा जर्सी निघाल्या होत्या, मोठ्या संघाने दोन हंगाम घालून टाकून दिलेल्या. मायलेकींनी दाढीच्या पात्याने त्यांवरचं मोठ्या शहराचं नाव दोरा दोरा करून उसवलं. नाव गेलं, पण त्याची सावली राहिली. आजूबाजूचं कापड उन्हाने विटलेलं, अक्षरांखालचं गडद, आणि कडेने सुईची भोकं. ती सावली झाकली जावी म्हणून आईने ‘हॅमर्स’ची अक्षरं इतकी जाड कापली. गाव अजून सांगतं : पोलादी गाव, पोलादी अक्षरं.

संघाचे मालक लॉकरिजसाहेब. त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणलं की फिलाडेल्फियाहून कोरे करकरीत गणवेश मागवले आहेत. ॲग्नेसला सांगितलं, तोंड बंद ठेव. दर नाताळला एक टर्की पोचती झाली. काम जितकं चांगलं तितकं ते कुणाला दिसायचं नाही, अशी नोकरी तिने केली आणि एक शब्द न बोलता गेली.

ही जर्सी ज्याने बनवली त्याने अभ्यास मात्र कसून केला होता. थेट जुनं वर्तमानपत्र वाचलं होतं. चूक एवढीच, की त्यावर विश्वास ठेवला होता.

“ही खोटी आहे,” व्हर्ना म्हणाली आणि का, ते सांगितलं.

टँडीचं हसू जागचं हललं नाही. बर्लचं मात्र उलथनं खाली आलं. “जुनेरं?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “हॅमर्स दुसऱ्यांची जुनेरं घालून खेळायचे, असं तू चारचौघांत सांगणार? बंबखान्याच्या दरवाजावर त्यांचं चित्र आहे आपल्या!”

“चित्र राहू दे. छान आहे.”

“बाई, आपण मध्यममार्ग काढू,” टँडी म्हणाला. “‘शिवली’च्या आधी ‘बहुधा’ घाला. काम भागेल.”

“माझ्या आईने बहुधा काही शिवलं नाही,” व्हर्ना म्हणाली. “शिवलं किंवा उसवलं. हिच्यावर तिचं नाव घातलंत, तर तिने जे खरं केलं ते पुसलं जाईल. एकदा टर्की देऊन पुसलं. आता पंप देऊन?”

टँडीने जर्सीला हात घातला. व्हर्नाने ती सोडली नाही. तशीच, उलटी जर्सी हातात धरून ती लिलाव पुकारणाऱ्याच्या लाकडी ठोकळ्यावर चढली आणि शाळेच्या वाचनालयात एकतीस वर्षं वापरलेला आवाज लावला. पॅनकेक चावणं थांबलं. तिने सगळं सांगितलं : खोकं, पातं, सावली, जाड अक्षरं.

“खाली उतरा हो!” मागून एकजण ओरडला.

“लॉकरिज तर म्हणाला होता, कोरे कपडे आहेत!” पलीकडून एक म्हातारा म्हणाला. “मी तिथे होतो!”

“मीही होते. तुम्ही समोरून बघत होतात.”

ओहायोहून आलेला एक दाढीवाला संग्राहक भिंग घेऊन पुढे आला. त्याने आतली बाजू बराच वेळ न्याहाळली, मग बोलीची पाटी खिशात घातली. त्याचं बघून आणखी सातआठ पाट्या खिशात गेल्या.

“मग खरी कुठे आहे?” त्याने विचारलं.

“कुत्र्याखाली.”

हसले सगळे, पण ते खरं होतं. पुढच्या वर्षी संघ बुडाला, तेव्हा अठराही जर्सी चिंध्या म्हणून घरी आल्या आणि ॲग्नेसने त्यांची गोधडी शिवली. सध्या तिच्यावर व्हर्नाचा कुत्रा मफिन झोपत असे. त्या गोधडीवरचा तो चौथा कुत्रा.

रविवारी व्हर्नाने दाढीचं पातं घेतलं, गोधडीचं अस्तर उसवलं, सातच्या जर्सीवरचं एक जाड अक्षर सोडवलं आणि गोधडी ओसरीच्या कठड्यावर उलटी वाळत घातली. गडद सावली रस्त्यावरून दिसत होती, आणि जवळ गेलं की भोकांच्या दोन रांगाही : एक जुन्या नावाची, एक नव्या.

दाढीवाला आला. बोटाने भोकं चाचपून म्हणाला, “किंमत सांगा.”

“विकायची नाही. हात लावून बघा, फुकट आहे.”

मग टँडी आला, तोच हसरा चेहरा घेऊन. “झालं गेलं विसरू, बाई. हिला मी दाखला देतो. सोनेरी शिक्क्यासकट.”

“तुमचा शिक्का असला, तर लोकांना वाटेल ही खोटी आहे,” व्हर्ना म्हणाली. “जा.”

तो गेला. बर्ल तीन दिवस बोलला नाही. बुधवारी आला आणि कठड्यापाशी टोपी काढून उभा राहिला.

“ही भोकं आईची?”

“अर्धी माझी.”

“मला कधी सांगितलं नाही तिने.”

“तुला टर्की आवडायची.”

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, “पंपाचं काय करू?”

“दर शनिवारी पॅनकेक कर. मी येते मदतीला.”

आठवडाभर माणसं येत राहिली. मफिन उघड्या फळ्यांवर बसून प्रत्येकाकडे आपली वस्तू चोरीला गेल्यासारखा बघत होता. शनिवारी व्हर्नाने गोधडी उतरवून त्याच्यासाठी अंथरली. अस्तर पुन्हा लावलं नाही. उलटी बाजू वरच ठेवली.