गुलाबी कागद

शिंपीणबाईंनी पातळ कागदावर काढलेल्या कोटाच्या चित्राचं स्कॅन तिसऱ्यांदा गुलाबी आलं.

"कागदच हलका तुमचा," झेरॉक्सवाला म्हणाला. "मशीन काय करणार?"

पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा नवा कागद आणून अख्खं चित्र पुन्हा काढलं. आता मात्र त्यांचं टाळकं सरकलं. नाचता येईना अंगण वाकडं! कागद पांढराशुभ्र, पेन्सिल काळी, मग गुलाबी रंग काय आभाळातून पडला?

"अहो, आत कुठे शिरताय?" तो ओरडेपर्यंत बाईंनी मशीनचं झाकण उघडलंसुद्धा. झाकणाची आतली पांढरी गादी फाटली म्हणून पठ्ठ्याने तिथे गुलाबी पुठ्ठा चिकटवला होता! पातळ कागदातून तोच दिसत होता.

बाईंनी चित्रामागे जाड कोरा कागद ठेवून बटण दाबलं. स्कॅन दुधासारखं पांढरं आलं.

"झालं ना काम?" तो ओशाळून हसला. "या आता."

"येते. आधी कागदाची माफी मागा."

"कागदाची?"

"हलका म्हणालात ना त्याला!"

बाई मशीनसमोरच ठाण मांडून उभ्या राहिल्या. मागे रांग वाढत होती, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.