कुंपणावरून उडालेली नात

"कुणाला पटायचं नाही, पण आमची नात कुंपणावरून उडाली!" भेटायला आलेल्यांना आजोबा सांगत होते. अंगणातल्या पोहण्याच्या तलावात ती बुडाली, त्याला आठवडाही झाला नव्हता. तलावाभोवतीचं ते कुंपण त्यांनीच दुकानं पालथी घालून निवडलं होतं; दार आपोआप मिटणारं, कडी पोरांच्या हाताला न लागणारी.

"मांजराची टाप नाही चढायची! पण असा वारा सुटला, की फ्रॉक छत्रीसारखा फुगला आणि पोर अलगद पलीकडे."

दार दणकन आपटून त्यांची दुपारची झोप मोडायची, हे मात्र त्यांनी गिळलं.

सून पाण्याचे पेले घेऊन आली. "मामंजी, वारा नव्हता. दाराच्या फटीत तुमची चप्पल अडकवलेली होती. मीच काढली."