शेवटच्या झोपडीतला गब्दू

मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल. तळहातावर मावेल एवढं माझं पिवळं प्लॅस्टिकचं अंग आहे. खालच्या बाजूला पितळी पट्ट्या आहेत आणि पोटात एक हिरवी पाटी. त्या पाटीवर शर्टाच्या बटणाएवढा एक सेल बसवलेला आहे. खेळणारा कुठवर पोचला, हे मी त्या सेलच्या जिवावर लक्षात ठेवत असे.

माझ्या पाठीवर गब्दूचं चित्र आहे. गब्दू म्हणजे लाल मफलर घातलेलं, गुबगुबीत अस्वलाचं पिल्लू. एके काळी त्याचं कार्टून संध्याकाळी टीव्हीवर लागलं की वाडीतली पोरं खेळ अर्धा टाकून घराकडे पळत. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी अस्सल आहे की नक्कल, हेही मला विचारू नका. माझ्या चित्रातल्या गब्दूचा मफलर जरा नारिंगी आहे. त्यावरून काय ते तुम्हीच समजा!

कार्टूनमध्ये गब्दू रोज मध शोधायला जंगलात जाई, वाट चुके, मधमाशांचा मार खाई आणि शेवटी घरी पोचे. त्याची आई त्याला आधी रागावे आणि मग जेवायला वाढे. अर्ध्या तासात हे सगळं उरकत असे. माझ्यातला गब्दू मात्र आपणहून घरी पोचत नाही. त्याला कोणीतरी पोचवावं लागतं. वाटेत जागोजागी झोपड्या आहेत. खेळ थांबवायचा असेल तर गब्दूला झोपडीत झोपवायचं. मग दारावर खेळणाऱ्याचं नाव उमटतं, आत गब्दू झोपतो आणि त्याचं पोट हळूहळू वरखाली होत राहतं. पुन्हा खेळायला बसलं की तो त्याच झोपडीतून उठून पुढे चालू लागतो.

मुंबईला एका छापखान्यात काम करणाऱ्या गंगारामने मला विकत घेतलं. "तो मफलरवाला अस्वल हाय ना, तो द्या. पोरानं डोकं खाल्लंय," असं तो दुकानदाराला म्हणाला होता. कपड्यांच्या पिशवीत बसून मी एसटीने रत्नागिरीजवळच्या पालीला उतरले आणि तिथून त्याच्या गावी आले. जांभ्या दगडाचं घर, पुढे ओटी, मागे पडवी. घरात गंगारामची बायको सुनंदा, मुलगा सम्यक आणि त्याची धाकटी बहीण करुणा. सम्यकने मला पाहिलं आणि आनंदाने अशी काही उडी मारली की ओटीवर वाळत घातलेली कोकमाची सोलं पायाखाली आली. त्याबद्दल त्याला धपाटा मिळाला. माझ्यामुळे कोणाला मार बसल्याचा तो पहिला प्रसंग आणि मला त्याचा, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानच वाटला.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या डब्यात मला बसवून सम्यक खेळायचा आणि करुणा शेजारी बसून ओरडायची, "दादा, माशी आली! उडी मार, उडी!" खेळाचा रिमोट मात्र तिच्या हाती क्वचितच येई. सुरुवातीची सोपी जंगलं तिला मिळत. पुढची अवघड वाट आली की सम्यक तिच्या हातातून रिमोट काढून घेई. सुनंदा काजूच्या कारखान्यात गर सोलायला जात असे. ती घरी आली की पाय धुता धुता हटकून विचारी, "काय रं, पोचला काय घरी तुजा गब्दू?"

"आज नाय गो आये. उद्या पोचवतो."

"रोज उद्या म्हनतंस. त्याची आये वाट बगत आसंल ना!"

पुढे सम्यक मोठा झाला. घरात मोबाइल आला. टीव्हीवर गब्दूच्या जागी दुसरंच कोणीतरी नाचू लागलं. मी कपाटात जुन्या वह्यांच्या मागे जाऊन पडले. धूळ खाल्ली, पालीची अंडी अंगावर सोसली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मुलं मोठी होणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

मग एका मे महिन्यात सम्यकने मला बाहेर काढलं. त्याला वडिलांच्याच छापखान्यात काम मिळालं होतं. मुंबईला जाण्याआधी गब्दूला एकदा घरी पोचवायचंच, असं त्याने मनावर घेतलं होतं. तो अगदी शेवटच्या झोपडीपर्यंत आला. तिच्यापुढे एक काळी नदी आहे. नदीत ओंडके तरंगतात आणि पलीकडे गब्दूचं घर दिसतं. खिडकीत पिवळा दिवा आणि दिव्यापुढे त्याच्या आईची सावली. ती नदी ओलांडायला हात फार सफाईदार लागतो. सम्यकला ते जमू लागलं होतं, तेवढ्यात रिक्षा दारात आली. त्याने घाईघाईने गब्दूला झोपडीत झोपवलं.

"आये, पुढच्या सुट्टीला आलो की पोचवतो ह्याला," बॅग उचलताना तो म्हणाला. "तवर कोनी हात लावायचा नाय. करुणा, तू तर नायच नाय."

त्याच पावसाळ्यात मुंबईला त्याला ताप आला. गंगारामने त्याला दवाखान्यात ठेवलं. ताप उतरला नाही. सम्यक गेला.

त्या दिवसांबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण मी तेव्हा टीव्हीजवळच्या फळीवर पालथी पडले होते आणि मला फक्त आवाज ऐकू येत होते. माणसं आली, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं गेली. गंगाराम कामावर परत गेला. घर गप्प झालं.

बऱ्याच महिन्यांनी करुणाने मला खेळाच्या डब्यात बसवलं. तोवर ती रत्नागिरीला कॉलेजात जाऊ लागली होती आणि वसतिगृहात राहत होती. ती सुट्टीपुरती घरी आली होती. तिला खेळायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. पडद्यावर शेवटची झोपडी आली. दारावर सम्यकचं नाव होतं. आत गब्दू झोपला होता आणि त्याचं पोट वरखाली होत होतं. सुनंदा हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभ्या जागी थांबली.

"श्वास घेतोय गो तो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा नेमच झाला. तिन्हीसांजेला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि मग मला डब्यात बसवून टीव्ही लावायचा. ती रिमोटला बोटही लावत नसे. झोपलेल्या गब्दूकडे थोडा वेळ बघायची, कधी कारखान्यातली एखादी गोष्ट त्याला सांगायची आणि टीव्ही बंद करायची. मित्रांनो, माझ्यात किती जंगलं आहेत, किती नद्या आहेत, किती गमतीजमती आहेत! पण त्या बाईला त्यातलं काही नको होतं. आपल्या मुलाचं नाव त्या दारावर रोज दिसावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मी सांभाळत होते. इतकं मोलाचं काम मला आधी कोणी दिलं नव्हतं.

पुढचा पावसाळा आला. आमच्याकडच्या पावसात भिंतींना पाझर फुटतो आणि चपलांवर बुरशी चढते. माझ्या पितळी पट्ट्याही हिरव्या पडू लागल्या. एका संध्याकाळी मला बसवलं तर पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मला काढलं, पदराने पुसलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. झोपडी दिसली. पण ती मनातून हादरली होती.

मागच्या पडवीत पाणी तापवायची चूल आहे. तिच्यावर बांबूच्या कामट्यांची मांडणी टांगलेली असते. पावसाळ्यात जे कोरडं राहायला हवं ते सगळं आमच्याकडे तिथे जातं. बियाणं, सुकी मासळी, मीठ, काडेपेट्या. सुनंदाच्या आईने तसंच केलं होतं, तिच्या आजीनेही. चुलीच्या उबेत ठेवलेलं बियाणं कधी कुजत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने मला धुतलेल्या मऊ फडक्यात गुंडाळलं, पत्र्याच्या डबीत ठेवलं आणि डबी त्या मांडणीवर ठेवून दिली.

"वर्षावासात भिक्खू सुदा एका जागी ऱ्हातात," ती माझ्याशी की गब्दूशी बोलली कोण जाणे. "तू पन ऱ्हा बाबा. पाऊस सरला की भेटू."

करुणा मध्ये एकदा घरी आली तेव्हा तिने माझी चौकशी केली. "कोरडा ठेवलाय त्याला, काळजी करू नको," असं सुनंदा म्हणाली. कपाटात ठेवली असेल असं करुणाला वाटलं. चुलीचं तिच्या मनातही आलं नाही.

मी डबीत पडून होते. सकाळ-संध्याकाळ खाली चूल पेटे आणि डबी तापे. माझ्या पट्ट्या छान कोरड्या झाल्या. पण पोटातला सेल आतल्या आत आटत चालला होता. मी बियाणं नाही हो, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. एके दिवशी मला झोपडी आठवली, दार आठवलं, पण दारावरचं नाव काही केल्या आठवेना. नंतर झोपडीही आठवेनाशी झाली.

वर्षावास संपल्याच्या पौर्णिमेला करुणा घरी होती. सुनंदाने सकाळीच अंघोळ करून पांढरी साडी नेसली, वंदना म्हटली, डबी उतरवली आणि मला बसवलं. चित्र अगदी स्वच्छ आलं. सगळ्या झोपड्यांची दारं कोरी होती.

"कुठं गेला गो तो?" सुनंदाने विचारलं.

करुणाने मला काढून पट्ट्या खोडरबराने घासल्या. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग तिने माझा वास घेतला. माझ्या अंगाला धुराचा वास येत होता. तिने मागच्या पडवीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"मी चुलीवर ठेवला व्हता," सुनंदा म्हणाली. "उबेनं झालं काय?"

"नाय गो आये," करुणा पटकन म्हणाली. "आत सेल असतो. त्याचं वय झालं की पुसून जातं सगळं. कुठंपन ठेवला असतास तरी गेलंच असतं."

मला वाचा असती तर मीही हेच खोटं बोलले असते.

करुणाने रिमोट घेतला, सम्यकचं नाव लिहिलं आणि पहिल्या जंगलापासून खेळायला लागली. जेवणं राहिली. सुनंदा तिच्या शेजारी बसून राहिली, सकाळची दुपार झाली तरी हलली नाही. करुणा पडत होती, उठत होती, डोळे पुसून परत खेळत होती. ऊन उतरायच्या वेळेला ती शेवटच्या झोपडीला पोचली. दारावर सम्यकचं नाव आलं. गब्दू आत झोपला. पोट वरखाली होऊ लागलं.

सुनंदाने पडद्यावर हात ठेवला.

"आता बंद केलं की परत जानार काय?"

"व्हय," करुणा म्हणाली. तिला आणखी खोटं बोलवेना.

सुनंदाने पडद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "मग ह्याला दारात कशाला ठेवायचा गो? पोचव घरी."

करुणाने गब्दूला उठवलं. पण ती नदी तिला कधी कोणी शिकवलीच नव्हती. पहिली उडी चुकली. दुसऱ्या वेळी दोन ओंडके पार झाले आणि गब्दू तिसऱ्यावरून घसरला. असं करता करता शेवटची संधी उरली. सुनंदाने करुणाच्या हातावर आपला हात ठेवला.

"नको. उडी नको मारू. बुडवू नको त्याला."

गब्दू काठावर उभा राहिला. पलीकडे खिडकीत पिवळा दिवा होता आणि दिव्यापुढे ती सावली.

"ती बग, उभी हाय," सुनंदा म्हणाली. "पोर एवढ्या जवळ आलाय, त्ये कळतंय तरी काय तिला?"

करुणा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिचं रडू ओसरल्यावर सुनंदाने स्वतः उठून टीव्ही बंद केला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी ते कोणत्या तोंडाने सांगू? मला त्या घरात कोणी कमी जपलं नाही. आपलं म्हणणं आईला पटलं, असं करुणाला वाटतं. पण सुनंदाने आता पडवीतली ती मांडणी उतरवून टाकली आहे. बियाणंसुद्धा ती वर ठेवत नाही. आणि मला तिने पुढच्या खोलीत, चुलीपासून घरातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. माझ्यात आता सांभाळण्यासारखं काही नाही, तरीही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. तुम्ही कधी पालीच्या बाजूला आलात, तर तिला सांगा, सेल म्हातारा झाला होता. चुलीचा दोष नव्हता, आणि तिचा तर मुळीच नव्हता. लेकीचं सांगणं ती ऐकून घेते आणि मान हलवते, पण तिचा विश्वास बसत नाही. मला तर बोलताच येत नाही. तुम्ही परके आहात, तुमचं ती कदाचित खरं मानेल.