खालचा पत्रा

मालनबाईंची उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्यांना दर बुधवारी व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. मुलाचा, रवीचा, कमरेतला मणका सरकलेला. आईला उचलणं त्याला जमत नसे. म्हणून तो जुनी व्हॅन मोडीत काढत नव्हता. मधलं सीट काढून टाकलं होतं. सरकत्या दाराला फळी लावली की व्हीलचेअर आईसकट आत जायची. येताना तो त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी गाडी थांबवायचा. मालनबाई आतूनच तिथल्या बुद्धविहाराकडे बघत बसायच्या. त्यांचं बाहेरचं जग तेवढंच उरलं होतं.

श्रावणात एकदा खुर्ची आत ढकलताना तिचं चाक मऊ जागेत रुतलं. आईला घरी पोचवून रवीनं ओलं मॅटिंग उचललं, तर गाडीच्या तळाचा पत्रा गंजून भोक पडलं होतं, त्यातून खालचा रस्ता दिसत होता.

तो अंबडला कोंडाजी मिस्तरीकडे गेला. कोंडाजीनं पेचकस टेकवला, तसा पत्रा भुगा होऊन पडला.

"वेल्डिंग नाही करता येणार, रवीभाऊ. खालून गॅसची लाईन गेलीय, आणि पत्र्याचा पापड झालाय. ठिणगी लागली की भोक वाढतच जाईल."

"मग काय करू?"

"गंज खरवडा, फायबर लावा. पण आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पाणी थांबेल. वजन पेलेल का, ते मात्र मी काही सांगत नाही."

रवीनं पाणी थांबेल तेवढंच ऐकलं.

सुट्ट्या टाकून तो कामाला लागला. तारेच्या ब्रशनं घासावं, तर भोक आणखी मोठं होई. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडायचं म्हटलं, तर चांगला पत्रा लागेचना. शेवटी त्यानं हात आवरला. गंजावर औषध लावलं, फायबरची जाळी रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिले, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवला. मग बायको, अंजली, टॉर्च घेऊन आत बसली आणि रवीनं पुढच्या काचेवर पाण्याची नळी धरली.

"इथून येतंय," अंजली आतून म्हणाली. "काचेच्या रबराखालून. थेट मॅटिंगखाली उतरतंय."

त्यानं काचेखालच्या पन्हाळीत कुजलेला पाला काढला, रबराखाली सीलंट भरलं. पुन्हा पाणी मारलं. आत सगळं कोरडं. किती दिवसांनी दोघं हसली.

बुधवारी मालनबाईंना घेऊन दोघं निघाली. पाथर्डी फाट्याजवळ गतिरोधकावर गाडी आपटली आणि मागून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. ठिगळ शाबूत होतं. त्याच्या कडेचा कुजका पत्राच सुटला होता. खुर्ची एका बाजूला कलली होती. अंजलीनं सासूला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. मालनबाईंनी डाव्या हातानं दार घट्ट धरलं होतं. रस्त्यावरच्या चार लोकांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. रवी बाजूला उभा राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत राहिला. दुसरं त्याच्यानं काही होण्यासारखं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मालनबाई जड जिभेनं म्हणाल्या, "पुढं बसव मला."

नवराबायकोनं प्रयत्न केला. अंजलीनं पाय धरले, रवीनं काखेत हात घातले. त्या अर्ध्या उठल्या, आणि रवीच्या कमरेतून कळ गेली. तिघंही हळूहळू गाडीशेजारी खाली बसली. रवीच्या छातीवर आईचं डोकं होतं. अंजली शेजाऱ्यांना बोलवायला उठली.

"लय जड झाले रे मी," मालनबाई म्हणाल्या.

"नाही गं आई," रवी म्हणाला, आणि तसाच तिला धरून बसून राहिला.