पहिल्यातून दुसऱ्यात

"कर," नजीब म्हणाला.

शिवाने लॅपटॉपवरून मान वर केली. "नक्की ना, चाचा? मागच्या दोन सर्विसिंगला नको म्हणालात. घाई आहे, टाइम नाय, काय काय सांगितलंत."

"आज टाइम हाय."

"पाऊण तास जाईल. मधेच उठून चला म्हणालात तर गाडी इथंच राहील."

"कर म्हटलं ना बाबा."

शिवाने स्टेअरिंगखाली वाकून केबल खोचली, बॅटरीला चार्जर लावला. लॅपटॉपच्या पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. तुर्भ्याच्या त्या सर्विस सेंटरात बाजूलाच कुणाच्या तरी गाडीचे टायर उतरवत होते. त्या खडखडाटात नजीब एका स्टुलावर बसला आणि पट्टीकडे बघत राहिला.

गाडीला क्लचचं पेडल नव्हतं. गिअर ती आपले आपणच बदलायची. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना असा हिसका द्यायची की मागे बसलेल्याची मान पुढे जाऊन मागे आदळावी. पुढे कंपनीनेच गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरसाठी नवं सॉफ्टवेअर काढलं. झटका जाईल, फुकट घालून मिळेल, या. तो मेसेज नजीबच्या फोनवर आला, कारण सर्विसिंगच्या कागदावर नंबर त्याचाच होता. त्याला दोन वर्षं झाली.

"दोन वर्षं झटके खात चालवलीत?" शिवा हसला. "मानला तुमाला."

"माज्या पायाखाली झटके नव्हते."

ते खरंच होतं. दुसरा गिअर पडायच्या निमिषभर आधी तो ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद सैल करायचा. गवई दोन ओळींच्या मधे श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला कळत नाही, तसं. उरणच्या बंदरावर वीस वर्षं कंटेनरचे ट्रेलर ओढलेल्या माणसाचा पाय इतका हलका असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण मागच्या सीटवर विमलबाई बसायच्या, आणि त्यांच्या मानेचे मणके झिजलेले होते.

विमलबाई कीर्तनकार. वय चौऱ्याहत्तर, गळ्याशी मानेचा पट्टा, आणि पट्ट्याच्या वर आवाज असा की देवळातली घंटासुद्धा थोडी दबून वाजावी. पन्नास वर्षं नारदाच्या गादीवर उभ्या होत्या. उलव्याला मुलाकडे, आशुतोषकडे राहत; गाडी त्याचीच. कीर्तन पनवेलला असो की पेणला, नऊ वर्षं त्यांना नेणारा आणि आणणारा नजीबच. सभामंडपात तो चपलांच्या कप्प्याजवळ बसायचा. आधी नुसता बसायचा, मग ऐकायला लागला. परतीच्या वाटेवर विचारायचा, "बाई, आज उत्तररंग जरा आटपता घेतलात?" बाई खूश व्हायच्या. "अहो, समोरचे पेंगत होते. तुमच्याशिवाय जागं कोण होतं?"

याच बाई एकदा चारचौघांत, हार गळ्यात असताना म्हणाल्या होत्या, "गाडी काय कुणीही चालवील. झांजही कुणीही वाजवतो. समेवर यायला माणूस लागतो. आमचे नजीबभाऊ समेवर येतात."

त्यानंतर चार दिवसांनी तो मेसेज आला होता. नजीबने चष्मा लावून दोनदा वाचला, फोन खिशात टाकला, आणि कुणाला काही बोलला नाही. नोकरीची भीती नव्हती; विमानतळाच्या कामांमुळे ड्रायव्हरांना उलव्यात बोलावणं होतंच. पण ते वाक्य. अठ्ठावन्न वर्षांत असं वाक्य कुणी त्याच्याबद्दल बोललं नव्हतं.

मग आला यंदाचा माघ महिना. पेणच्या सत्यभामाबाई विमलबाईंच्या गुरुभगिनी, एकाच गुरूंपाशी दोघी शिकल्या होत्या. त्यांनी कळवलं की शेवटचं कीर्तन करते आहे, छाती साथ देत नाही, ये. नेमकी त्याच दिवशी नजीबची मुलगी बतूल उरणला बाळंत झाली. "तुम्ही जा हो, आशू आहे," बाई म्हणाल्या. आशुतोषने गाडी काढली. गव्हाण फाट्याला ट्रेलरांची रांग. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. दर वेळी हिसका. तासाभरात बाईंची मान अशी धरली की त्यांना सीटवर टेकता येईना. आशुतोष म्हणाला, दुसरी गाडी बोलावतो. पण तोवर उशीर झाला होता. बाई म्हणाल्या, "वळव. नजीबभाऊ आले की जाईन."

नजीब चौथ्या दिवशी कामावर आला. बाई तेव्हा अंथरुणात होत्या. नवव्या दिवशी सत्यभामाबाई गेल्या.

"झालं," शिवा म्हणाला. "आता तिला नवीन सवय लावायची. एक चक्कर मारून येतो."

"मीच मारतो."

आवाराबाहेर पडून त्याने गाडी सोडली. पहिला. पाय सवयीने सैल झाला, आणि गाडी उगाच मंदावली, दचकल्यासारखी. दुसऱ्यांदा त्याने पाय तसाच ठेवला. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंच नाही.

दुपारी तीनला तो उलव्याला पोहोचला. नेरूळला चार वाजता कीर्तन होतं, सत्यभामाबाईंच्या स्मरणार्थ. बाई नऊवारी नेसून, झांजांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसल्या. रस्त्याला लागल्यावर डोळे मिटून काहीतरी गुणगुणू लागल्या. सिग्नल गेला, दुसरा गेला. मग त्यांनी डोळे उघडले.

"काय हो, आज पाय फारच हलका पडलाय. पाण्यावरून चाललोय असं वाटतंय."

नजीबने स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"नातवाचा पायगुण म्हणायचा का?"

"बाई, माजा पाय नाय हा."

"मग कुणाचा?"

"गाडीचा. सकाळी कॉम्प्युटर बदलून घेतला, म्हंजे आतलं सॉफ्टवेअर. आता कोनी पन चालवली तरी अशीच जाईल."

"अरे वा. बरं झालं की. हे आधी नव्हतं निघालं?"

इथे तो 'नव्हतं' म्हणू शकला असता. शिवाला बाई ओळखत नव्हत्या, मेसेज कुणी पाहिला नव्हता. समोर रस्ता मोकळा होता. नजीबने गाडी डाव्या बाजूला घेतली, पण थांबवली नाही. थांबून सांगायचं धाडस त्याला नव्हतं.

"निगालं होतं. दोन वर्सं झाली. मला म्हाईत होतं."

मागून आलेल्या ट्रकला त्याने पुढे जाऊ दिलं.

"तुमी देवळात बोलला होता ना, समेवर येतो म्हनून. ते गेलं असतं, बाई. मग कोनी पन आलं असतं समेवर."

आरशात बघायचं त्याने टाळलं. खाडीवरचा पूल गेला, बेलापूर गेलं. पिशवीतल्या झांजा एकमेकींवर घासल्याचा बारीक आवाज तेवढा आला.

"सत्यभामा गेली तेव्हा तुम्ही मला पेणला नेलंत," शेवटी बाई म्हणाल्या. "परत येताना रडत होतात. मी म्हटलं, बघा, रक्ताचा ना नात्याचा. ते रडणं खरं होतं?"

"खरं होतं."

"हं."

नेरूळ आलं. मंडपाशी उतरताना त्यांनी रोजच्यासारखा त्याचा हात धरला नाही, दाराला धरून उतरल्या.

"रागावले नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल, नजीबभाऊ. आणि आता मला गादीवर उभं राहायचंय. तिथं जाताना तोंडात खोटं नको."

"हां, बाई."

तो चपलांच्या कप्प्याजवळ बसला. कीर्तन छान रंगलं. पूर्वरंगात बाईंनी मैत्रीवर निरूपण केलं आणि सांगितलं की सत्यभामा माझ्यापेक्षा बरी गायची, फक्त हे मी तिला कधी सांगितलं नाही. श्रोते हसले. बाई हसल्या नाहीत. मध्यंतरात हार पडला, बुक्का लागला, आणि उत्तररंगात त्यांचा आवाज एकदाच, एका साध्या ओळीवर फाटला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. त्यांनी पट्ट्याखाली बोट घालून तो जरा सैल केला आणि ती ओळ पुन्हा घेतली. नजीबने खाली चपलांकडे पाहिलं.

आरती झाली. लोक वाकून नमस्कार करत होते. नजीब नऊ वर्षं लांबूनच हात जोडत आला होता, आजही जोडले. बाईंनी सगळ्यांना जोडले तसे त्यालाही जोडले, आणि खडीसाखरेची पुडी नेहमीसारखी त्याच्या हातावर ठेवली.

बाहेर आशुतोष ऑफिसातून येऊन उभा होता.

"किल्ली आशूला द्या, नजीबभाऊ."

"आज मी?" आशुतोष म्हणाला. "आई, मान?"

"काही होत नाही मानेला. तुला चालवायची होती ना?"

"बाई, उद्या सकाळी येऊ ना?" नजीब म्हणाला.

"सकाळचं सकाळी बघू."

त्याने किल्ली दिली. आशुतोष सीट पुढे घेत म्हणाला, "नजीबभाऊ, ते पाय उचलायचं तुम्ही शिकवलं होतं, मला कधी जमलंच नाही. कधी उचलायचा?"

नजीब खिडकीपाशी वाकला. शिकवताना त्याने नेमकी वेळ कधीच नीट सांगितली नव्हती.

"आता नाय उचलायचा. नुसता ठेवा."

"बस?"

"बस. गाडी समजून घेते."

बाई समोर बघत होत्या. काच वर गेली. नजीब मंडपाच्या कमानीखाली उभा राहिला. संध्याकाळची सहा-सव्वासहाची वेळ, उन्हाची तिरीप रस्त्यावर आडवी पडलेली. गाडी निघाली. पहिला. त्याने कान दिला. उजव्या पायाचा चवडा चपलेत आपसूक उचलला गेला. आता दुसरा पडेल.

मागच्या काचेतून पट्ट्याच्या वर बाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता. गाडी वेग घेत वळणाला लागली, दिसेनाशी झाली, तोवर तो तसूभरही हलला नाही.