हरकत नाही

“आजपासून या जिल्ह्यात एकही मूल मुकं राहणार नाही!” शिक्षणाधिकारी देवरे साहेबांनी मंचावरून जाहीर केलं.

टाळ्या झाल्या. टाळ्यांमुळे पुढे सतरंजीवर बसलेली मुलं खुलली. कुणी खिदळलं, कुणी आरोळी ठोकली, एकानं मांडीवर ठेका धरला. तेवढ्यात मगन शिपाई दाराजवळून ओरडला, “ए, चूप बठा रे बठ्ठा! साहेब बोली राहिनात, समजत नही का?”

मुलं पुन्हा मुकी झाली आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला.

कार्यक्रम पाचोऱ्यात होता, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं मागच्या पडद्यावरून कुणी काढली नव्हती. त्यांच्यावरच बॅनर लावला होता, पण तो आखूड पडला. त्यामुळे ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी साहाय्यक तंत्रज्ञान : ओळख व वितरण शुभविवाह’ असं सलग वाचता येत होतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दोन्ही प्रसंगांत हार, भाषणं आणि जेवण सारखंच असतं, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललेलं असतं त्याला दोन्हीकडे गप्प बसवलेलं असतं.

खांबाला टेकून नवल महाजन उभा होता. तो फिरता विशेष शिक्षक. मोटारसायकलवर गावोगाव हिंडून तो न दिसणाऱ्या, न ऐकणाऱ्या, न चालणाऱ्या मुलांना शिकवायचा. नोकरी कंत्राटी. कंत्राट उन्हाळ्यात संपायचं आणि देवरे साहेबांची मर्जी झाली की पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या काळात आपला नवरा नेमका कोण असतो, हे विचारणं त्याच्या बायकोनं केव्हाच सोडलं होतं. स्वभावानं माणूस गरीब. रस्त्यात गाय आडवी आली तर गायीला वाट विचारून जाणारा.

आज त्याचा जीव टांगणीला होता तो साक्षीसाठी.

साक्षी पाचोऱ्याजवळच्याच एका गावातली, नववीत गेलेली. जन्मताना श्वास अडकला, तेव्हापासून हात, पाय आणि जीभ तिचं ऐकेनाशी झाली होती. डोकं मात्र लख्ख. बीजगणितात तिच्या पुढे वर्गात कुणी नव्हतं, फक्त उत्तर सांगायला वेळ लागायचा. आईबाप सुरतेला कामाला, सांभाळणारी आजी रुक्माबाई. शाळेत न्यायला इसाकभाऊची रिक्षा यायची, गल्लीतूनच हॉर्न वाजवत. साक्षीची भाषा छोटी होती. होकार असला की ती डोळे छताकडे न्यायची. नकार असला की जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करायची. हा ‘च्च’ अख्ख्या गावाला कळायचा. रुक्माबाईच्या ओट्यावर चढणारा कुत्रासुद्धा तो ऐकून पायरीवरून परत फिरायचा.

कळत नव्हता तो फक्त मुख्याध्यापक पवार सरांना. नववीचा वर्ग माडीवर होता आणि रॅम्प कागदोपत्री माडीपर्यंत पोचलेला होता. शिवाय पुढच्या वर्षी दहावी. शाळेचा निकाल शंभर टक्के लागायची परंपरा. तेव्हा साक्षीनं ‘गृहाधारित शिक्षण’ घ्यावं, म्हणजे घरी बसावं आणि आठवड्यातून एकदा नवल सरांनी जाऊन शिकवावं, असा प्रेमळ विचार पवार सरांनी मांडला. अडचण एकच होती. नियमाप्रमाणे मुलाची स्वतःची संमती लागत होती. पवार सरांनी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं असा ‘च्च’ केला की शेजारच्या वर्गातली मुलं हसली. पवार सरांनी शेरा मारला, ‘बालक बोलू शकत नसल्याने मत समजले नाही.’

आता बालक बोलू शकणार होतं. म्हणून तर आजचा थाट.

यंत्राचं नाव ‘बोलकी पाटी’. आकार जेवणाच्या ताटाएवढा, त्यावर सोळा चौकोनी बटनं, प्रत्येकावर चित्र. बटन दाबलं की पाटीतून एक बाई बोलायच्या. आवाज इतका शुद्ध आणि खानदानी होता की पहिल्यांदा ऐकल्यावर रुक्माबाईनं डोक्यावर पदर घेतला. ‘मला पाणी हवे आहे.’ ‘होय.’ ‘धन्यवाद.’ ‘सर, मला समजले.’ मुलांनी काय बोलावं हे ठरवायला मोठ्या माणसांची समिती बसली होती. पहिल्या मसुद्यात ‘नाही’ हा शब्द होता. देवरे साहेब म्हणाले, “नकारात्मक शब्द नको. मुलांवर परिणाम होतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘नाही’ निघाला आणि त्या चौकोनात ‘आपले मनःपूर्वक आभार’ बसलं.

नवलनं ‘नाही’साठी रीतसर विनंती केली होती. उत्तर एका शब्दाचं आलं. तो शब्द कार्यालयाकडे भरपूर शिल्लक होता.

वितरणाच्या आधी सरावासाठी म्हणून तो पाटी साक्षीच्या घरी घेऊन गेला.

“आजी, हे बटन दाबलं की मशीन बोलतं.”

“आनि ती काय करस मंग?”

“ती बटन दाबते.”

“तिनं बोलनं आमले समजस ना, सर.”

“सगळ्यांना समजायला पाहिजे ना, आजी. मुख्याध्यापकांना, साहेबांना.”

“हेडमास्तरले बी समजस,” रुक्माबाई म्हणाली. “समजत नही असं दखाडस तो.”

साक्षीनं तोवर सोळाच्या सोळा बटनं दाबून पाहिली होती. तिचा हात बटनावर जायला निघायचा, वाट चुकायचा, परत यायचा, पुन्हा निघायचा. शेवटचं बटन झाल्यावर तिनं नवलकडे पाहिलं आणि ‘च्च’ केलं. हे कुठंय?

“‘नाही’ नाहीये यात,” नवल म्हणाला, आणि स्वतःच्या वाक्याची त्याला लाज वाटली.

साक्षी थोडा वेळ पाटीकडे बघत राहिली. मग पुन्हा एकेक बटन दाबू लागली, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकत. एका बटनापाशी ती थांबली. तेच पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं.

“भूक लागनी व्हई,” म्हणत रुक्माबाई उठली. “भाकर देऊ का वं?”

‘माझी काही हरकत नाही,’ पाटीतल्या बाई म्हणाल्या.

रुक्माबाईनं भाकरीचा घास तिच्या तोंडाजवळ नेला. साक्षीनं ओठ मिटले. हात पुन्हा त्याच बटनावर नेला. ‘माझी काही हरकत,’ बाई म्हणत गेल्या, साक्षी दम धरून बसली, आणि ‘नाही’ येताच तिनं जोरात ‘च्च’ केलं.

“अरे मनी माय!” रुक्माबाईनं घास ताटात टाकला. “शेपूट धरी राहिनी ती, सर! वाक्यनी शेपूट! पुढलं बठ्ठं सोडी देवानं, शेवटलं तेवढं लेवानं!”

साक्षीचे डोळे छताकडे गेले. नवल इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. समितीनं दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि ही पोरगी कौलातून बाहेर पडली होती.

तर ती साक्षी आता मंचाखाली चाकाच्या खुर्चीत बसली होती. बाजूला रुक्माबाई, जयंतीची निळी साडी नेसून. साक्षीचं नाव पुकारलं गेलं. मंचाला पायऱ्याच होत्या, म्हणून मगन आणि आणखी तिघांनी तिला खुर्चीसकट उचललं. देवरे साहेबांनी पाटी तिच्या मांडीवर ठेवली, फोटो झाला, आणि तिनं ‘आपले मनःपूर्वक आभार’ दाबायच्या आतच पवार सर अर्ज घेऊन पुढे झाले. साहेबांनी माईक पाटीजवळ धरला.

“साक्षी बेटा, आजवर तुझ्या वतीनं सगळे बोलत होते. आज तू बोलायचंस. पवार सर म्हणतात, तू घरी राहून शिकावंस. घरीच शिकवायला नवल सर येतील. चालेल ना तुला?”

साक्षीनं ‘च्च’ केलं.

“अं हं. तोंडानं नाही. पाटीवर.”

हात निघाला. वाट चुकला. खांबापाशी नवलला कळलं, हात कुठे निघालाय ते. तो पुढे सरकला, पण हात पोचला होता.

‘माझी काही हरकत नाही.’

टाळ्या. शेवटी तिनं केलेला ‘च्च’ टाळ्यांत बुडाला. तिनं पुन्हा दाबलं. ‘माझी काही हरकत नाही.’ पुन्हा टाळ्या. तिची मान ताठ झाली, पाय खुर्चीवर आपटू लागले, आणि तिनं सगळ्या अंगाचं बळ एकवटून तिसऱ्यांदा बटन दाबलं.

“तीनदा!” देवरे साहेब खरोखर भारावले. माणूस वाईट नव्हता. फक्त वाक्य सुरुवातीपासून ऐकायची त्याला सवय होती. “इतका ठामपणा मोठ्या माणसांत दिसत नाही हो! बघा, आनंदानं कशी थरथरतेय पोर.”

“नही म्हनी राहिनी ती!” खालून रुक्माबाई ओरडली. “साहेब, नही म्हनस ती! शेवटलं ऐका!”

“आजी,” साहेब मायेनं म्हणाले, “तिचं तिला बोलू द्या. किती वर्षं बोलाल तिच्या बदली?”

“ए म्हातारे, बठ खाले,” मगननं साहेबांच्या वाक्याचं अहिराणीत भाषांतर केलं.

नवल मंचाच्या पायरीपर्यंत पोचला होता. “साहेब, तिला त्यातला शेवटचा शब्द म्हणायचाय. पाटीवर ‘नाही’ नाहीये, म्हणून ती—”

साहेबांनी माईकवर तळवा ठेवला. “नवल सर, पाटी समितीनं मंजूर केलेली आहे. तुम्ही म्हणताय ती चुकीची आहे?”

“तसं नाही, पण—”

“तुमच्या पुढच्या ऑर्डरवर मी उद्याच सही करणार होतो.” आवाजात धमकी नव्हती; लग्नात वाढप्याला ‘जिलबी इकडे’ म्हणावं इतक्या सहज ते बोलले. “तुमची काही हरकत आहे का?”

साक्षी वरून त्याच्याकडे बघत होती. त्या अख्ख्या सभागृहात तिची भाषा येणारा, जीभ धडधाकट असलेला आणि पायरीवर उभा असलेला तो एकटाच होता. घसा खाकरून त्यानं तोंड उघडलं.

“माझी काही हरकत नाही, साहेब.”

साक्षी ऐकत होती, शेवटच्या शब्दापर्यंत. त्या शब्दानंतर नवल पायरीवरून खाली उतरला. तिनं डोळे मिटून घेतले. पवार सरांनी तिचा अंगठा शाईत बुडवून अर्जावर टेकवला आणि नंतर रुमालानं पुसूनही दिला. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

नवलची ऑर्डर निघाली. त्यात साक्षीचं घर दर मंगळवारी, असं नमूद होतं.

पहिल्या मंगळवारी तो गेला तेव्हा पाटी फडताळावर होती, धूळ बसू नये म्हणून तिच्यावर उशीचा अभ्रा घातलेला. साक्षी दारातच खुर्चीत बसलेली होती. त्यानं समीकरण सोडवायला दिलं. तिनं सोडवलं. उत्तर बरोबर आहे का, हे त्याच्याकडे पाहून विचारलं नाही. दुसऱ्या मंगळवारीही तसंच. तिसऱ्या मंगळवारी निघताना तो रुक्माबाईपाशी ओट्यावर टेकला. तिनं चहा दिला होता. ओरडून भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला प्रत्येक घोटाला वाटत होतं.

“आजी, मी वर लिहिणार आहे,” तो एकदाचा म्हणाला. “जिल्ह्याला लिहितो, नाही तर थेट पुण्याला. पाटीत ‘नाही’ बसवून घेतो. मग तिला पुन्हा विचारायला लावतो, सगळ्यांसमोर. नोकरी गेली तरी चालेल, आता मी मागं हटणार नाही. तुम्ही फक्त सांगा, मी काय करू?”

रुक्माबाईनं रिकामा कप उचलला. आत साक्षीच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“सर, तुम्ही आठे येतस ना, तवय गल्लीमा गाडीना हॉर्न वाजाडू नका. इसाकभाऊ शाळानी रिक्षा ली उना असं वाटस तिले. दप्तर मांडीवर ओढी लेस.”